सोळा आठवड्यांनंतरच्या गोळ्या

माझा नवरा रोरी माणसांच्या डॉक्टरांना फारसं मानत नाही. स्मिथटन गावाजवळ आमच्या तीनशे दहा गाई आहेत, आणि त्याला जे काही कळतं ते गाईंकडूनच कळलेलं आहे.

तीन वेळा मला दिवस राहिले आणि तिन्ही वेळा नवव्या आठवड्याच्या आत गर्भ पडला. चौथ्या वेळी सहाव्याच आठवड्यात रक्त दिसलं, तशी मी बर्नी शहरात डॉक्टर पेत्राकिसबाईंकडे गेले. बाईंनी गोड बोलायचे कष्ट घेतले नाहीत.

"प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देते. सकाळ-संध्याकाळ, योनीत ठेवायच्या. आधी गर्भपात झालेत आणि आताही रक्त जातंय, अशा काही बायकांना उपयोग होतो. तुला होईलच असं नाही. सोळाव्या आठवड्यात बंद."

रोरीला औषध ओळखीचं निघालं. "हे तर आपण गाईंना घालतो," तो म्हणाला. सात दिवस आत ठेवायचं, मग काढायचं, की दोन-तीन दिवसांत गाय माजावर येते. त्या दिवसापासून तो दूध काढून आला की हात धुऊन मला गोळी द्यायचा आणि बाथरूमच्या दाराशी उभा राहायचा.

"मी काय गाय आहे का रे?"

"गाईसाठी मी दाराशी थांबत नाही."

रक्त थांबलं. सोळा आठवडे भरले. बाई म्हणाल्या, आता गर्भाशयातली वार स्वतःच हे प्रोजेस्टेरॉन बनवते, गोळी बंद कर. घरी आल्या आल्या रोरीने गुरांच्या डॉक्टरला, हॅमिशला, फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"गाभण गाईचं प्रोजेस्टेरॉन बंद पडलं तर?"

"गाभ टाकेल," हॅमिश म्हणाला. "पण तुझ्या बायकोचं, ब्रॉनविनचं, निराळं..."

रोरीने फोन ठेवून दिला.

शुक्रवारी सकाळी गोळी पुन्हा माझ्यासमोर. दोन पाकिटं उरली होती.

"बंद करायचीय," मी म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"डॉक्टर."

"त्यांच्याकडे किती गाई आहेत?"

मला संताप आला. मग त्याच्या हाताकडे लक्ष गेलं. गोळी देण्याआधी त्याने तो कोपरापर्यंत घासून लाल केला होता. मी गोळी घेतली, बाथरूममध्ये गेले, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली आणि बाहेर येऊन सांगितलं, "ठेवली."

पहिले दोन-तीन दिवस मीही घाबरले होते, खोटं कशाला बोलू. दर वेळी पुसलेला कागद रक्तासाठी उजेडात धरून बघायचे. पांढराच असायचा. दोन आठवडे मी गोळ्या टाकत होते आणि रोरीला छान झोप लागत होती.

अठराव्या आठवड्यात बर्नीला सोनोग्राफी झाली. पडद्यावर हृदयाचे ठोके दिसले. रोरी बाईंकडे वळला. "बघा. गोळी बंद केली नाही ते बरं झालं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मी दोन आठवड्यांपूर्वीच बंद केली," मी म्हणाले. "तू द्यायचास, मी टाकून द्यायचे."

मला वाटलं, आता भडकणार. तो खुर्ची ओढून पडद्याजवळ जाऊन बसला.

"म्हणजे आता याला कुणीच धरून ठेवलेलं नाही?"

"त्याचं तेच धरून बसलंय," बाई म्हणाल्या.

रोरीने टोपी काढून तोंडावर धरली. आधीच्या तिन्ही वेळी तो रडला नव्हता. ते सगळं त्याने तिथेच उरकलं.