वापर आणि वहिवाट

एकोणसाठ साली मनकर्णा मॅट्रिक होऊन अमरावतीला मावशीकडे राहत होती आणि टायपिंग शिकत होती. एका रविवारी तिचे वडील पुंजाजी मोर्शीकडच्या गावाहून एसटीने आले. गावच्या सरकारी विहिरीवर बौद्ध वस्तीला पाणी भरू देत नव्हते. तहसीलदाराकडे मराठीत दोन अर्ज जाऊन उत्तर आलं नव्हतं. इंग्रजी कागद साहेब निदान वाचेल, असं वस्तीत ठरलं होतं.

सोमवारी मनकर्णानं क्लासच्या मशीनवर अर्ज टाइप केला. वापराला इंग्रजीत यूज म्हणतात हे तिला ठाऊक होतं, पण तो शब्द फार लहान वाटला. डिक्शनरीत त्याच्या जरा वरच यूसेज होता. तो भारदस्त दिसला, म्हणून तिनं तोच घातला. आम्हाला विहिरीचा यूसेज मिळावा.

क्लास चालवणारे मोतीराम सर पूर्वी अकोल्याच्या एका कचेरीत कारकून होते. कागद वाचून त्यांनी विचारलं, की तुमच्या वस्तीची त्या विहिरीवर वहिवाट होती काय? मनकर्णाला कळेना. मग त्यांनी समजावलं. यूज म्हणजे नुसता वापर. यूसेज म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. तो शब्द लिहिला, तर आधी रीत काय होती ती दाखवा, असं साहेब म्हणेल.

संध्याकाळी तिनं हे पुंजाजींना सांगितलं.

"बाबा, आपली तिथं वहिवाट होती काय?"



"होती ना," पुंजाजी म्हणाले. "माही माय घागर घेऊन विहिरीपासून दूर उभी राहे. कोनाले दया आली तं वरून पानी ओतत, नाही तं दुपार होये. मीबी तिच्यासंगं उभा राहिलो. थेच आपली वहिवाट."

मनकर्णानं लहानपणापासून नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचंच पाणी आणलेलं पाहिलं होतं. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"तुमी मले कधी सांगतलं नाही."

"कायले सांगू? तू व्हायच्या आधीच थे उभं राहनं सोडलं. दीक्षा घेतल्यावर त्याचं नावबी काढलं नाही."

तिनं तो कागद पुन्हा वाचला. भारदस्त म्हणून निवडलेल्या शब्दानं तिनं साहेबाकडे नेमकं आजीचं ते उभं राहणंच मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी यूसेज खोडून यूज लिहिला असता तरी भागलं असतं. तिनं नवा कागद घेतला आणि दोन्ही शब्द ठेवले. जुना यूसेज आम्हाला नको, इतर गावकऱ्यांसारखा विहिरीचा यूज हवा. अर्जात नको असं लिहीत नाहीत, मागायचं तेवढंच मागावं, असं मोतीराम सर म्हणाले. इंग्रजी चुकलं आहे काय, असं तिनं विचारलं. चुकलं नव्हतं.

"मग राहू द्या, सर," ती म्हणाली.

अडीच महिन्यांनी तहसीलदार गावात आले. बौद्धांनी विहिरीवर चढायची गावात रीत नाही, असं चावडीवर चार जणांनी सांगितलं. तहसीलदारांनी अर्ज काढला आणि तीच ओळ मराठीत वाचून दाखवली. जुनी रीत वेगळी होती हे अर्ज करणारेही म्हणतात, पण ती त्यांना नको आहे आणि कायद्यालाही नको, असं ते म्हणाले. पंधरा दिवसांत विहीर सगळ्यांना खुली करण्याचा हुकूम आला.

परीक्षा झाल्यावर मनकर्णा गावी गेली, तेव्हा गावातल्या काही सवर्ण घरांनी ती विहीर सोडून संत्र्याच्या बागेतली धरली होती. सकाळी ती आई चतुराबाईबरोबर पाण्याला निघाली. काठावर रामराव पाटलांची दुर्गाबाई होती.  आपली बादली वर घेऊन ती बाजूला झाली आणि निघून गेली. चतुराबाईनं दोर विहिरीत सोडला. इतक्या खोल विहिरीची तिला सवय नव्हती. घागर वर ओढता ओढता तळहात सोलून निघाले, तरी दोर ती लेकीच्या हाती देईना.