पहिल्या फेरीचा शेवटचा सामना

"हरलीस ना काल? मग आज तिथं कामून बसलीस?"

फोनवर अप्पांचा आवाज होता आणि त्यांच्यामागं सगळं शेत बोलत होतं. भांडी वाजत होती, बायका हसत होत्या, कुणीतरी कुणाला तरी कोपीकडं हाका मारत होतं.

कलबुर्गीच्या टेनिस मैदानाबाहेर, लिंबाच्या झाडाखाली अंबिका बॅगेला टेकून बसली होती. बुटांच्या नाड्या बांधलेल्या, केस आवळलेले, आणि अंगाला घामाचा थेंब नाही.

"अप्पा, पात्रता फेरीत हरले मी. पन मुख्य फेरीतल्या कुनी ऐन वेळेला माघार घेतली तर तिच्या जागी मला घेतेत. मनून थांबलेय."

"माघार मंजे?"

"मंजे कुनाचा पाय मुरगळला, कुनाला ताप आला, असं काय तर."

अमृतप्पांचा, तिच्या वडलांचा, आवाज एकदम खाली उतरला. तो असा उतरला की गावाकडं मुडबीच्या घरात भांडीसुद्धा दबकून वाजत.

"मंजे कुनाला तरी काय तर व्हावं मनून बसलीस व्हय तू? येळवशीच्या दिवशी?"

खरं तेच होतं. सकाळपासून ती देव पाण्यात घालून बसली होती. "जमलं की येते," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

येळवशीला, म्हणजे थंडीतल्या त्या अमावस्येला, आमच्या या सीमेवरच्या गावांत घरात कुणी राहत नाही. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभी करायची, तिच्यात पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, जे असेल ते मांडी घालून पोट फुटेस्तोवर खायचं. रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसालाही हात धरून शेतात ओढायचं. त्या दिवशी कुणी उपाशी गेलं तर तो आपल्याच शेताला कमीपणा. शहरातले लोकही आपापल्या गावांकडे गेलेले. कलबुर्गीतली दुकानं बंद होती आणि मैदानाच्या पायऱ्यांवर चारदोन टाळकी ऊन खात बसली होती.

स्पर्धा भरवणाऱ्यांना येळवस कुठून माहीत असणार! आणि राखीव खेळाडूचं काम तर फारच चमत्कारिक. सकाळी सुपरवायझरला तोंड दाखवून हजेरी लावायची आणि दिवसभर बूट घालून बसायचं. हाक आली की लगेच कोर्टवर उभं राहायचं. अंबिकाच्या वरच्या नंबराच्या दोघी कंटाळून पुढच्या गावच्या स्पर्धेला निघून गेल्या होत्या. त्यामुळं पहिला हक्क आता हिचा. आणि पहिल्या फेरीचा एकच सामना उरला होता.

तिनं खूप जग पाहिलं होतं. म्हणजे जगातली खूप टेनिस कोर्टं पाहिली होती. अंताल्याला खेळली, मोनास्टिरला खेळली, थायलंडच्या उकाड्यात चक्कर येऊन पडली. कधी जिंकली, बऱ्याचदा हरली. क्रमवारीत तिचं नाव शोधायचं तर बोट बरंच खाली न्यावं लागे. पण तिच्या घरच्या माणसांनी तिला मोठ्या स्पर्धेत खेळताना कधी पाहिलं नव्हतं. आपल्या मुलखात, मुख्य फेरीत एकदा तरी उतरायचं आणि मग रॅकेट ठेवायची, असं तिनं ठरवलं होतं. पुढच्या महिन्यापासून बसवकल्याणच्या शाळेत मुलींना शिकवायचं होतं. म्हणजे ही शेवटची स्पर्धा, आणि उरलेला तो सामना ही शेवटची संधी.

डिसेंबरचं ऊन मऊ होतं. चेंडूचा टप टप आवाज लांबून यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. अंबिकाचा डोळा लागला.

आपण मुडबीच्या खळ्यात उभ्या आहोत, असं तिला वाटलं. तिचं टेनिस त्याच खळ्यात जन्मलं होतं. अमृतप्पा शाळेत शिपाई. कुणीतरी देणगी दिलेल्या आणि कपाटात धूळ खात पडलेल्या दोन रॅकेटी त्यांनी हेडमास्तरांना विचारून घरी आणल्या होत्या. रास उचलल्यावर रिकामं पडलेलं खळं शेणानं सारवून, मधे दावं बांधून त्यावर पोती टाकली की झालं कोर्ट. खळ्यात लक्ष्मी येते, तिथं चप्पल चालत नाही. म्हणून पोर अनवाणी खेळायला शिकली. पहिल्या जिल्हा स्पर्धेला तिनं नवेकोरे बूट फाटकाबाहेर काढून ठेवले, कोर्टला हात लावून नमस्कार केला आणि तशीच आत गेली. पंच गालात हसले होते. मागून अप्पाही अनवाणीच आत शिरले, तेव्हा मात्र पंचांना हसू आवरेना.

स्वप्नात तिनं सर्व्हिससाठी चेंडू वर फेकला आणि तो खाली आलाच नाही. फिकट आभाळात तसाच थांबला. सगळा गाव जेवता जेवता वर बघत होता. अव्वा, तिची आई, म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं, यील तवा यील. तू आधी जेव." आणि अंबिकाला अजिबात घाई वाटेना.

जागी झाली ती कुणाच्या तरी हुंदक्यानं. शेजारी हैदराबादची लास्या बसली होती; अठरा वर्षांची, उजव्या घोट्याला पट्टी बांधलेली. सरावात तिचा पाय घसरला होता. शेवटचा सामना तिचाच होता, आणि समोर पहिल्या मानांकनाची उंचनिंच सर्बियन बाई.

"अक्का, डॉक्टर बोले सूजन नै है, तुमीच सोचो. मम्मी बोल रई छोड दे. मैं क्या करूँ?"

अंबिकानं पोरीचा पाय मांडीवर घेतला, घोटा दाबला, फिरवला. पोरगी कण्हली नाही. तिचं पायाकडं लक्षच नव्हतं. जाळीपलीकडं सर्बियन बाई सर्व्हिसचा सराव करत होती, नजर तिकडं खिळलेली.

"मैं नै खेली तो किसकू मिलेंगा?" लास्यानं विचारलं.

"मेरेकू."

पोरगी दचकली. मग अगदी हळू म्हणाली, "फिर तुमीच बोलो ना अक्का. छोड दूँ?"

हो म्हणायला एक श्वास पुरला असता. इतकं सोपं अंबिकाच्या आयुष्यात आजवर काही आलं नव्हतं. पोरगी आनंदानं सुटली असती, तिची आईही खूश झाली असती, आणि अंबिका आपल्या मुलखात मुख्य फेरीत उतरली असती. तिला ते हवं होतं. इतकं हवं होतं की तिची मान होकारासाठी हलू लागली होती.

मांडीवरचा तो पाय गरम होता, लहान होता, आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं.

"पाँव कू कुछ नै हुआ तेरे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच कोरडा वाटला. "डर लगरा. लगने दे. डर लेकेच खेलते सब. उठ."

तिनं पोरीची पट्टी नीट केली, नाडी बांधून दिली, आणि पाठीत एक हलकी थाप मारली.

पहिली सर्व्हिस लास्याची होती. ती जाळीत गेली. दुसरी मात्र रेषेच्या आत पडली आणि सर्बियन बाईनं ती परतवली. सामना सुरू झाला. आता कुणीही जायबंदी झालं तरी अंबिकाचा काही उपयोग नव्हता. सुपरवायझरनं लांबूनच तिला मोकळं असल्याची खूण केली. तिनं हात जोडले, बॅग खांद्याला लावली आणि बसस्टँडकडे चालू लागली. रस्ता असा रिकामा होता की आपण अजून झोपेतच आहोत, असं तिला वाटत राहिलं.

फोन वाजला.

"निघालीस का न्हाई? भज्जी निवायली."

"निघाले अप्पा."

"मग? झालं का कुनाला काय?"

मागं मैदानातून टाळ्या ऐकू आल्या. चारदोनच हात होते, पण मनापासून वाजत होते.

"न्हाई अप्पा. कुनालाच काय झालं न्हाई."

"बरं झालं बग," अमृतप्पा म्हणाले. त्यांना अगदी हायसं वाटलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "बरं झालं."

आणि तिनं फोन कानापासून दूर, हात लांब करून धरला. तिचं रडणं शेतात जेवणाऱ्या कुणाला ऐकू जायला नको होतं.