गालावरचा तीळ

थिर्झाला डोक्यावरची टोपी काढायला सांगितली असती, तर ती एक वेळ नदीत उडी मारायला तयार झाली असती. बाळंतपणानंतर तापानं तिला असं धरलं की लांबसडक केस मुळापासून गळाले आणि उरलेले सासूबाईंनी कातरीनं उतरवले. गाल बसले, डोळे खोल गेले. आणि नेमकं त्याच वेळी लढाईवर गेलेल्या नवऱ्याचं, अमॉसचं पत्र आलं. पोराला त्यानं अजून पाहिलंही नव्हतं. लिहिलं होतं, ‘तुम्हा दोघांची तोंडं बघायची आहेत. पर्किन्सकडे जाऊन पत्र्यावर तसबीर काढा आणि लगेच पाठवा.’

पर्किन्स म्हणजे खोगीरवाल्याच्या दुकानावर, काचेच्या छपराखाली बसणारा फोटोवाला. लढाईला जाताना अमॉसची तसबीरही त्यानंच काढली होती. ती हातात पडल्यावर अमॉस पोट धरधरून हसला होता. बंदूक उजव्या खांद्यावर घेऊन उभा राहिलेला गडी पत्र्यावर डाव्या खांद्यावर बंदूक घेऊन उभा!

“काका, मला डावखुरा केलात की हो!” तो म्हणाला होता.

“पत्रा म्हणजे आरसा, बाबा. उजव्याचं डावं होणारच,” पर्किन्स म्हणाला. तसबीर थिर्झाच्या चुलीवरच्या फळीवर तेव्हापासून उभी होती.

तर पोराला, रूफसला घेऊन थिर्झा जिना चढली. सोबत सासूबाई, केटुरा. म्हातारीची जीभ अशी की दुकानापुढे बांधलेल्या घोड्यांनीही कान टवकारावेत.

लहान पोराची तसबीर काढायची म्हणजे दिव्यच असतं. मोठ्या माणसाचं ठीक आहे. खुर्चीमागे लोखंडी दांडा, त्याला चिमटा, चिमट्यात मान धरली की माणूस खुंटीला टांगल्यासारखा गप्प बसतो. तान्ह्याच्या मानेला चिमटा कोण लावणार? म्हणून त्या गावात काय, सगळ्याच गावांत एक रीत होती. आई खुर्चीत बसायची, तिच्यावर डोक्यापासून पायापर्यंत गडद कापड टाकायचे, आणि कापडावर बाळ. आतून आई त्याला घट्ट धरून ठेवायची. तसबिरीत फक्त बाळ दिसायचं, आई म्हणजे नुसती खुर्ची.

“तुला झाकायचं काही कारण नाही,” पर्किन्स म्हणाला. “त्यानं दोघांना बोलावलंय ना? मांडीवर घे पोराला, तोंड उघडं ठेव. टोपी असू दे डोक्यावर.”

“नको काका. कापड टाका.”

“अगं, त्यानं बायको केली होती, केसांचा टोप नव्हे!” केटुरा कडाडली. “झाकून काय बसतेस कोंबडीसारखी?”

“आई, हे असलं तोंड बघून त्याला काय वाटेल? केस येऊ देत जरा. मग माझी वेगळी पाठवीन.”

“मग, मग! लढाई काय तुझ्या केसांसाठी थांबलीय?”

पण थिर्झा हट्टाला पेटली होती. तिनं स्वतःच्या हातानं काळी शाल डोक्यावरून ओढून घेतली. पर्किन्सनं खांदे उडवले. सासूबाईंनी कॅमेऱ्याशेजारी उभं राहून किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला, रूफस तिकडे टक लावून बघत राहिला, आणि आत शालीच्या अंधारात थिर्झा श्वाससुद्धा जपून घेत होती. तसबीर अशी स्वच्छ आली की पोराच्या अंगरख्याच्या लेसची भोकं मोजून घ्यावीत. मागे काळा ढीग. ती टपालानं रवाना झाली.

केस कानापर्यंत आले तेव्हा लोणच्याच्या बरण्या भरायच्या होत्या. मग थंडी पडली, मग रूफसला खोकला झाला. कशाला खोटं बोलायचं, आरशात बघितलं की ती दर वेळी म्हणायची, अजून थोडे वाढू देत. आणि वसंतात छावणीतल्या हगवणीनं अमॉस गेला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. हिनं तर झोपाही केला नाही.

त्याच्या पलटणीतला एक लंगडत घरी परतलेला गडी सामान घेऊन आला. एक वस्तरा, मोज्यांची जोडी, आणि तंबाखूच्या पिशवीत तो पत्रा.

थिर्झानं पत्रा खिडकीपाशी नेऊन पाहिला. रूफस होता तसाच होता. पण त्याच्या मागे, काळ्या शालीवर, सुईच्या की चाकूच्या टोकानं कुणीतरी ओरखडे काढले होते. काळा लेप खरवडून खालचं लोखंड चमकत होतं. ओरखड्यांचा चेहरा झाला होता. दोन डोळे, वाकडं नाक, खांद्यावर मोकळे लांब केस, आणि गालावर एक तीळ.

“संध्याकाळी शेकोटीपाशी बसून कोरायचा,” तो गडी म्हणाला. “आम्ही चिडवायचो, तर म्हणायचा, आत आहे ती, मी फक्त शाल बाजूला करतोय.”

थिर्झा रात्रंदिवस त्या चेहऱ्याकडे बघायची. आणि एक दिवस तिच्या काळजात काटा रुतला. तिचा तीळ डाव्या गालावर होता. पत्र्यावर, ती स्वतः तिथे बसली आहे असं धरून पाहिलं, तर तो उजव्या गालावर होता.

“विसरला, आई. माझं तोंडच विसरला तो.”

“अगं, पुरुषाला तीळ डावा की उजवा हे आठवत बसायला वेळ कुठला?” केटुरा म्हणाली, पण तिचाही आवाज पडला होता.

मरणापेक्षा हे थिर्झाला जास्त लागलं. मेला तो लढाईनं. विसरला तो मात्र हिच्यामुळे. तोंड मागितलं होतं, हिनं शाल पाठवली. शेवटी तिला तो चुकीचा चेहरा बघवेना. पत्रा घेऊन ती पुन्हा तो जिना चढली.

“काका, ह्यावर काळं फासून द्या. नुसतं पोर राहू दे.”

पर्किन्सनं पत्रा उजेडात धरला. बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाला, “फासतो. पण आधी तू बस.”

“आता कशाला?”

“बस म्हणतो ना, पोरी. पैसे नकोत मला.”

वाद घालायचं त्राण नव्हतं. ती बसली. टोपी काढली. केस आता खांद्यापर्यंत आले होते. मानेमागे थंड चिमटा लागला.

“पापणी हलली तर चालेल,” पर्किन्स म्हणाला. “हनुवटी थरथरली तर सगळं वाया. रडायचं ते नंतर रड.”

ती बसून राहिली. रडू तिनं तसंच धरून ठेवलं. कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण परत बसल्याचा आवाज झाला तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला.

पर्किन्सनं पत्रा पाण्यात घातला. दुधाळ पडद्यातून हळूहळू तिचं तोंड वर आलं. त्यानं ओल्या पत्र्याशेजारी अमॉसचा पत्रा ठेवला आणि बाजूला झाला.

दोन्ही चेहऱ्यांवर तीळ एकाच जागी होता.

थिर्झानं आपल्या गालाला हात लावला. डाव्याच. मग पुन्हा पत्रे पाहिले. चुलीवरच्या फळीवरची ती उलटी बंदूक तिला आठवली, अमॉसचं ते हसणं आठवलं.

“त्या दिवशी तू शालीविना बसली असतीस तर पत्र्यावर जशी आली असतीस,” पर्किन्स म्हणाला, “तशीच काढलीय त्यानं. मुद्दाम उलटी.”

“सगळं आठवत होतं हो त्याला,” ती म्हणाली, आणि मग इतका वेळ धरलेलं रडू फुटलं. “केससुद्धा... त्याला सगळं आठवत होतं, आणि मी मेली तोंड झाकून बसले!”

पर्किन्सनं काळ्या लेपाची बाटली फडताळात परत ठेवली. तिचा पत्रा दिव्यावर धरून सुकवला, कागदात गुंडाळला आणि तिच्यापुढे केला.

तिनं तो घेतला, उलटसुलट केला.

“काका,” तिनं विचारलं, “हा आता मी पाठवू कुठे?”