अक्कांचं पथ्य

हिवाळ्यातलं कोवळं ऊन दवाखान्याच्या ओट्यावर उतरलं, की गंगाक्का आपले दोन्ही हात त्यात पसरून बसायच्या. बोटं आत वळून कायमची मिटलेली आणि तळव्यांचा रंग तांदळाच्या धुवणासारखा. कुष्ठरोग त्यांच्या देहातून केव्हाच निघून गेला होता. पण जाताना पायांची संवेदना घेऊन गेला, आणि त्या न दुखणाऱ्या तळपायात एक जखम वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसली. कोल्हापूरच्या वेशीबाहेरच्या आमच्या वसाहतीत मी वीस वर्षं मलमपट्टी करते आहे; इतकी निवांत, इतकी निर्दय जखम मी दुसरी पाहिली नाही.

यंदा ती हाडापर्यंत गेली. पाऊल कापून काढल्याशिवाय जीव वाचणार नाही आणि अंगात रक्त भरल्याशिवाय पाऊल काढता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेरून चढवलेलं रक्तही टिकत नव्हतं. कारणं बरीच होती : झिरपती जखम, थकलेली मूत्रपिंडं, उतारवय. मला मात्र एक कारण रोज डोळ्यांसमोर दिसायचं. वाट्याला आलेलं अंडं अक्का शेजारणीला देऊन टाकत. मासळी नाही, मटण नाही, डाळसुद्धा नाही. चहात बुडवलेली भाकरी, एवढाच आहार. मी चिडून म्हणायचे, "अक्का, तुमच्यापरीस मांजर बरं जेवतंय." त्या हसायच्या आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडायच्या.

एकदा त्यांनीच उलगडा केला. चंदगडकडच्या गावातून पन्नास वर्षांपूर्वी त्यांना घराबाहेर काढलं, तेव्हा मुलगा तान्हा होता. आईनं पथ्य मोडलं तर रोग पोराच्या अंगावर उमटेल, असं गावच्या वैद्यानं बजावलेलं. पोर निरोगी वाढलं. आज कोल्हापुरात, राजारामपुरीत त्याचं दुकान आहे. "माज्या पथ्यानंच त्यो धडधाकट हाय," अक्का म्हणाल्या, आणि त्या निस्तेज चेहऱ्यावर असा अभिमान उजळला की मला पुढे बोलवेना.

बोलले नसते तर बरं झालं असतं. पण पाऊल सडत होतं आणि मी पडले हट्टी. आईच्या ताटातल्या अंड्यानं मुलाला रोग होत नाही. औषधं लागू पडल्यावर तर तुमच्यापासून कुणालाच भय उरलं नव्हतं, हे मी एका सकाळी जखम धुता धुता सांगून टाकलं. अक्कांनी पायाकडे बघत विचारलं,

"मंजी पोरगा भेटाया यायचा तवा त्येला पायरीखाली हुबा करत हुते, ते बी उगंच व्हय?"

मी कापूस फिरवत राहिले. सांगितलं ते खरं होतं, आणि त्या खऱ्यानं पन्नास वर्षांचं आईपण पोकळ करून टाकलं. त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अंडं खाल्लं, डाळ खाल्ली, गोळ्या घेतल्या. कशालाच नाही म्हटलं नाही. रक्त वाढलं नाही. फार उशीर झाला होता. मुलाला निरोप धाडला. तो आला आणि सवयीनं पायरीखालीच थांबला. अक्कांनी मिटल्या बोटांचा हात पुढे करून त्याला वर बोलावलं.

"हितंच बरा हाय मी, आई," तो म्हणाला.

पौषात अक्का गेल्या. काळ माणसाला नेतो, त्याचं दुःख झिजत झिजत सोसवतं. पण मायेपोटी आखलेली अंतरं तो नेत नाही, आणि आठवणीलाही मग त्या माणसाच्या जवळ जाता येत नाही.