बन्सीचे कान

दसऱ्यानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमात बन्सीच्या ध्यानात आलं, की आपल्याला कमी ऐकू यायला लागलंय. गिटारच्या जाड तारा बोलत होत्या, पण बारीक तारांची धार कुठं गेली ते कळेना. हातातली प्लास्टिकची पत्ती तारेवर आपटली की एक टक्क असा आवाज उठायचा, तोसुद्धा नाहीसा झालेला. सगळं वाजणं पावसात भिजलेल्या डफासारखं लागत होतं. त्याने मशीनचा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा, आवाज वाढवला. मशीन मोठं झालं, धार काही आली नाही. तेवढ्या चार-पाच गाण्यांत त्याला इतका घाम फुटला, की पुढं बसलेल्या लोकांना वाटलं, पोरगा जीव ओतून वाजवतोय.

एकाहत्तर सालची गोष्ट. श्रीरामपुरात तेव्हा ‘प्रवरातरंग ऑर्केस्ट्रा’ नावाचं एक प्रकरण होतं. प्रकरणच म्हणायचं, कारण गायक एक, ढोलकी एक, बोंगो एक आणि गिटारी मात्र दोन. एक बन्सी, बेलापूरच्या शेतकऱ्याच्या घरातला, सव्वीस वर्षांचा, बिनलग्नाचा. दुसरे मार्तंडराव, नगरपालिकेत कारकून, दिवसभर जन्ममृत्यूच्या नोंदी करायचे आणि संध्याकाळी मांडीवर आडवी गिटार घेऊन लोखंडी कांडीनं तारा घासायचे. दोघांच्या गिटारी एकाच अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेल्या. अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचा, जुना, कुणा मिशनरी साहेबानं मायदेशी जाताना विकलेला. चालू केला की आधी काचेच्या नळ्या लालसर व्हायच्या, मग जरा वेळानं घूं असा आवाज यायचा, आणि मग स्वारी बोलायला तयार.

या मशीनवर मार्तंडरावांची जी भक्ती होती, ती त्यांनी घरच्या देवांवर ठेवली असती तर त्यांच्या बायकोनं कटकट केली नसती. त्यांचं शास्त्र ठाम होतं. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय बोलत नाही, आणि बटण पार टोकाला नेल्याशिवाय गात नाही. हळू वाजवायचं असेल तर सरळ घरी बसून पेटी वाजवावी. बन्सीचं म्हणणं थोडं वेगळं. टोकाच्या जरा अलीकडं थांबावं, तिथं बोटाचा हळू-जोर नीट कळतो. या ‘जरा अलीकडं’वरून दोघं मांडवात, एष्टीत, चहाच्या टपरीवर कुठंही भांडायला बसायचे. ऑर्केस्ट्राचे मालक आणि गायक काकासाहेब दोघांनाही हात जोडायचे. त्यांचा गळा बरा होता, पण या दोघांच्या आवाजात तो कुणाला ऐकू गेला तर शपथ.

तर त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर बन्सी मार्तंडरावांच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. आवाजात काही फरक पडला असेल, तर हा माणूस बोलल्याशिवाय राहायचा नाही. मार्तंडरावांनी वायर गुंडाळली, डोळे मिटले आणि म्हणाले, “वा! काय गोड झालंय रे मशीन. जुना व्हॉल्व्ह मुरतो तो असा.”

झालं. मशीन गोड झालं असेल आणि आपल्याला ते गोड लागत नसेल, तर बिघाड मशीनमध्ये नाही, हे सांगायला कुणी डॉक्टर लागत नव्हता.

आणि त्याला भ्यायला कारणही घरातच होतं. त्याचे वडील पुंजाराम शेती सांभाळून उभं आयुष्य कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनाशेजारी उभे राहिले आणि पन्नाशीच्या आतच ठार बहिरे झाले. आता ओट्यावर बसलेले असायचे. कुणी काही बोललं की “आँ?” म्हणायचे, आणि समोरचा दुसऱ्यांदा बोलायच्या आधीच हसून मान डोलवायचे. ते मान डोलवणं बन्सीला बघवत नसे. आपणही असंच एके दिवशी मांडवाच्या कडेला बसून, गाणं न ऐकता मान डोलवणार, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. गिटार गेली तर आपल्याजवळ उरतं काय? शेतात हात चालत नाही, शाळा अर्धी टाकलेली. बोटांत तेवढं एक होतं, आणि त्याला कान लागतात.

मग त्याने कानांच्या परीक्षा घ्यायला सुरुवात केली. घड्याळ कानाशी धरून बघे. एकदा टिकटिक ऐकू येई, एकदा नुसतीच छातीची धडधड. कुणी दोनदा हाक मारली की त्याचा चेहरा उतरे. खरं तर तो विचारात असल्यामुळं पहिली हाक गेलेली असे, पण घाबरलेल्या माणसाला हे कुणी सांगायचं? मशीनशिवाय गिटार वाजवून पाहिली, तर तिचा आवाज मुळातच डासाएवढा. त्यावरून काही ठरेना.

त्यात आणखी एक नवल झालं. मशीन मोठं केलं की आता मधूनच खर्रर्र अशी गुरगुर यायला लागली. बन्सीला वाटलं, कानाचा पडदा फाटल्यावर असंच होत असेल. मार्तंडराव मात्र हरखले. “ऐकलंस? ही गुरगुर! परदेशातले गिटारी हिच्यासाठी जीव टाकतात. मशीन मोठं केल्याशिवाय ती निघत नाही. मी सांगत नव्हतो?”

ही गुरगुर मात्र काकासाहेबांनाही ऐकू आली, आणि त्यांचा संयम सुटला. तुळशीची लग्नं लागली, आता लग्नसराई येणार, आणि लोक म्हणायला लागले होते की तुमच्या ऑर्केस्ट्रात गिरणी चालते. त्यांनी नगरच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून ट्रान्झिस्टरचं नवं मशीन रविवारपुरतं मागून आणायचं ठरवलं. “बन्सीच्या पडवीत दोन्ही शेजारी शेजारी वाजवू,” ते म्हणाले. “ज्याचा आवाज स्वच्छ, ते ठेवू. तुम्ही दोघं गिटारी, तुम्हीच निवाडा करा.”

मार्तंडराव चवताळले. ट्रान्झिस्टर म्हणजे पत्र्याचा डबा, त्यात ना ऊब ना जीव, असं बरंच बोलले. बन्सीला वेगळीच धास्ती पडली होती. नवं, कोरं, स्वच्छ आवाजाचं मशीन, आणि त्यातही जर धार ऐकू आली नाही, तर मग पळवाट संपली. तोवर निदान शंका तरी होती. रविवारी तीही जाणार.

त्याने फाटे फोडून पाहिले. म्हणाला, नगरला जायचंय. काकासाहेब म्हणाले, दुपारून जा. म्हणाला, बोट कापलंय. काकासाहेबांनी बोट बघितलं. शेवटी म्हणाला, आमच्याकडं जागा नाही. यावर काकासाहेब हसायलाच लागले, कारण जुनं मशीन पहिल्यापासून बन्सीच्याच पडवीत राहायचं आणि तिथं दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढी जागा होती.

रविवारी सकाळी नवं मशीन पडवीत येऊन बसलं. चकचकीत, हलकं खोकं. बन्सीची आई साळूबाई दारात ज्वारी पाखडत होती, ती सूप बाजूला ठेवून बघायला आली. पुंजाराम ओट्यावर होतेच. काकासाहेबांनी वायर बन्सीच्या गिटारीत खुपसली आणि म्हणाले, “हं, वाजव.”

बन्सीनं पत्ती धरली. मनातल्या मनात त्याने खंडोबाला सांगितलं, की एवढ्या वेळेला वाचव, पुन्हा कधी मशीनचं बटण अर्ध्याच्या वर नेणार नाही. डोळे घट्ट मिटले आणि सगळ्यांत बारीक तार छेडली.

टक्क.

आणि त्या टक्कच्या मागून लखलखीत, कोवळ्या काकडीसारखा करकरीत सूर आला. त्याने पुन्हा छेडली. पुन्हा आला. त्याने दुसरी तार छेडली, तिसरी छेडली, बोट तारेवरून सरकताना होणारी चिर्रर्र ऐकली, मांडवात एरवी ज्या चिर्रर्रवर तो वैतागायचा तीच. सगळं ऐकू येत होतं. कान होते. दोन्ही होते. बन्सीनं गिटार तशीच मांडीवर टाकली, तोंडावर हात घेतले आणि भर सकाळी, चारचौघांत, हमसून हमसून रडायला लागला.

“अरे, एवढं काय!” काकासाहेब गडबडले. “जुनं मशीन मी फेकून नाही देत. राहू दे तुझ्याकडं, आठवण म्हणून.”

“त्याचं न्हाई वो,” बन्सी डोळे पुसत हसायला लागला. “माजे कान हायेत! मला वाटलं गेले. दसऱ्यापासून वाटतंय. या जुन्या मशीनवर बारीक तार ऐकूच यीना, आन् मार्तंडराव म्हनायचे गोड झालंय, गोड झालंय. मंग मी काय समजायचं?”

सगळ्यांनी मार्तंडरावांकडं पाहिलं. मार्तंडरावांचा चेहरा पांढरा पडला होता. ते खुर्चीवर बसले, रुमाल काढला, नाक शिंकरलं.

“मलाही येत नव्हती ऐकू,” ते हळूच म्हणाले. “मला वाटलं, वय झालं. पंचेचाळिशी उलटली. तू काही बोलत नव्हतास बन्सी, म्हणून मी समजलो तुला नीट ऐकू येतंय. मग मी गोड गोड म्हणत राहिलो.”

“आन् ती गुरगुर? परदेशातले गिटारी?”

“काहीतरी बोलायला नको का?”

यावर काकासाहेबांनी जे हसायला सुरुवात केली, ते त्यांना ठसका लागेपर्यंत. त्यांना इतके दिवस फरक कळला कसा नाही, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. स्वतःच्या गळ्यापलीकडं काही ऐकायची त्यांना सवयच नव्हती. मार्तंडराव मात्र सुटका झाल्याबरोबर पुन्हा मूळ पदावर आले. म्हणाले, कान शाबूत असतील तर दोष मशीनचा, आणि व्हॉल्व्ह असा एका दिवसात मरत नाही, उघडा पाहू खोकं.

खोक्याच्या पुढं कापड ताणलेली एक चौकट होती. चार लाकडी फिरक्या वळवल्या की ती निघायची. मार्तंडरावांनी चौकट काढली आणि सगळे वाकले.

स्पीकरच्या कागदावर हिरवागार खण दुहेरी घडी घालून चहूबाजूंनी नीट खोचून बसवलेला होता. खणाच्या घडीत मूठभर तांदूळ, एक सुपारी, हळकुंड. वर हळदीकुंकवाची बोटं. मार्तंडरावांनी खणाला हात लावला तसे तांदूळ कागदावर खर्रर्र वाजले. परदेशातल्या गिटाऱ्यांची गुरगुर ती हीच.

“आई,” बन्सी म्हणाला, “हे काय हाय?”

साळूबाई जराही चपापली नाही. “ओटी भरली. खंडेनवमीला तुमी दोघांनी त्या पेटीवर नुस्ती फुलं टाकली आन् गेलात. म्हनलं, घरात अन्न आनती ती लक्षुमी, तिला असं कोरडं ठिवत्यात व्हय? नारळ मावंना, म्हनून सुपारी घातली.”

“अगं, पन आत? बाहेर ठिवायची की.”

“बाहेर ठिवली आस्ती तर तुमी काढली नसती?” साळूबाई म्हणाली. मग तिने ओट्यावरच्या नवऱ्याकडं एकदा पाहिलं, आणि तिचा आवाज खाली आला. “तुज्या बापाचे कान मी जाताना बघितल्यात, बन्सी. आदी म्हनायचे, इंजिन आज हळू चाललंय. मंग म्हनायचे, चिमन्या कुटं गेल्या. तूबी त्या पेटीम्होरं रोज बसतोस, किती म्हनलं हळू वाजव, ऐकतोस का? म्हनून तिलाच सांगितलं. म्हनलं, बाई, तुजी ओटी भरते, माज्या लेकराचे कान तेवढे राखून ठिव.”

काकासाहेबांनी तोंड फिरवलं. मार्तंडराव खणाकडं बघत राहिले, आणि ज्या माणसानं आयुष्यात मशीनचं बटण कधी खाली आणलं नव्हतं, त्यानं ते हळूच निम्म्यावर आणून ठेवलं.

बन्सीला आईला किती काही सांगायचं होतं. तुझ्या या ओटीपायी मी दिवसरात्र मेलो, झोपलो नाही, धड जेवलो नाही, बापाकडं बघायचीसुद्धा भीती वाटायला लागली होती. पण तिच्या तोंडाकडं बघून यातलं एक अक्षर बाहेर पडेना. इतके दिवस तो ज्या भीतीनं एकटाच जळत होता, तीच भीती ती त्याच्या आधीपासून, बापाच्या वेळेपासून, एकटीच घेऊन बसली होती. हे त्याला आत्ता कळलं.

“मंग?” साळूबाईनं विचारलं. “ऐकू येतंया ना नीट?”

“येतंया, आई.”

“समदं?”

“समदं.”

“मंग झालं तर,” साळूबाई म्हणाली. “पावली की.” आणि तिने खण उचलला, डोक्याला लावला आणि तांदूळ सांडू नयेत म्हणून पदरात घेतला.