दोन कोयते, एक ओंडका

"एक घाव! फक्त एक!" गावात आलेला मांत्रिक बाबा गरजला आणि लाल रंग फासलेल्या ओंडक्याचे खाडकन दोन तुकडे झाले. चौकात टाळ्यांचा कडकडाट. त्याआधी शेजारच्या तशाच लाल ओंडक्यात माझ्या भट्टीतला कोयता रुतून बसला होता. मी लोहार, मान खाली घालून उभा होतो.

"हा मंत्रलेला कोयता! लाकूड लोण्यासारखं कापतो आणि मालकाच्या अंगाला शिवत नाही. पोलाद आहे, पण माणूस ओळखतं!"

"मग ओंडके बदलून मारा की," मी म्हणालो.

"शंकेखोर समोर असला की शक्ती रुसते," बाबा म्हणाला. लोकांनी मला मागे ढकललं. ढकलणाऱ्यांत माझा थोरला भाऊही होता. दादा झाडं तोडायचा. त्याने बाबाकडून मंत्रलेला कोयता विकत घेतलाच.

गर्दी पांगल्यावर मी ते ओंडके भट्टीवर आणले, नखाने रंग खरवडला. बाबाचा ओंडका ओला, भुसभुशीत; माझ्या वाट्याचा वाळका, गाठींनी भरलेला. मग दादासमोर एकाच ओंडक्यावर दोन्ही कोयत्यांनी दहा-दहा घाव घातले. माझ्या कोयत्याची खाच तीन बोटं खोल, मंत्रलेल्या कोयत्याची दोन.

"बघ दादा, मंत्र कसला? लाकूडच निराळं होतं."

"तू शंका घेतलीस, म्हणून तो चालला नाही," दादा हसला.

"निदान हात तरी लांब ठेव."

"मालकाला शिवत नाही तो."

वहिनीने विनवण्या केल्या. मी कोयता लपवला. त्याने तो शोधून नेला आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

चौथ्या दिवशी फांदी डाव्या हातात धरून त्याने घाव घातला. कोयता गाठीवरून घसरला. दोन बोटं गेली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई टाके घालत होत्या. वहिनी भिंतीला टेकून रडत होती. दादा माझ्याकडे बघून पुटपुटला, "माझीच श्रद्धा कमी पडली रे."

माझ्याकडे खाचा होत्या, ओंडके होते, सगळा पुरावा होता. पण मी फक्त त्याचा उजवा हात धरला.

बाबा पुढच्या गावी गेलाय. कोयत्याला मालक कळत नाही. त्याला धार असते, वजन असतं. समोर लाकूड आलं तर लाकूड, बोट आलं तर बोट. दोन कोयते जोखायचे तर दोन्हींपुढे एकच ओंडका ठेवा. अशा परीक्षेला कुणी नको म्हणालं, तर आपल्या माणसाचा हात धरून त्याला घरी न्या. मला दादाचा हात धरून ठेवता आला नाही.