नवऱ्याचे नाव

“माणसांचा अभ्यास ज्याने केला, उद्याचा हिंदुस्थान तोच घडवणार,” असे अभिमनने दाराशी उभे राहून जाहीर केले, आणि झुंबरबाईने दार लावून घेतले.

चूक तिची नव्हती. या वाक्याच्या आधी त्याने तिला तिच्या नवऱ्याचे नाव विचारले होते. साक्रीकडे बायको नवऱ्याचे नाव घेत नाही हे त्याला ठाऊक नव्हते असेही नाही. मुंबईस समाजशास्त्रात एम. ए. करताना त्याने याच रिवाजावर बावीस पाने लिहिली होती. पण छापील तक्त्यातला पहिलाच रकाना ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ असा होता, आणि पहिला रकाना सोडून दुसरा भरणे त्याच्या शिस्तीत बसत नव्हते.

पदवी घेऊन दोन वर्षे झाली होती. धुळ्यात या शास्त्राला कोणी ओळखत नव्हते. चुलतभाऊ रतिलाल वकील झाला. त्याच्या ओट्यावर पक्षकार बसत. अभिमनच्या ओट्यावर, तिकडे जागा उरली नाही की, तेच पक्षकार बसत. आता ग्रामसुधार खात्यात पाहणी-कारकुनाची एक जागा निघाली होती. उमेदवार दोन. मामलेदारांनी गाव वाटून दिले: पूर्वेची वीस घरे अभिमनला, पश्चिमेची वीस झुलालला. संध्याकाळपर्यंत जो जास्त तक्ते भरील, त्याची जागा.

झुलाल नुसता व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास.

दुपारी अभिमन मुद्दाम पश्चिमेकडून गेला. झुलाल यशोदाबाईच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसला होता. भोवती पाच बायका, आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. अभिमनने थांबून चपलेतला खडा काढला. खडा नव्हता. मग दुसऱ्या चपलेतलाही काढला.

“कितला घर जयात, भाऊ?” झुलालने विचारले.

“संख्येला महत्त्व नसतं. खोलीला असतं.”

“मंग एखादं खोल घर सापडनं का?” यशोदाबाई म्हणाली, आणि शेंगांचे सूप पुढे सरकवले.

अभिमनने शेंग घेतली नाही.

संध्याकाळी चावडीवर झुलालचे वीस तक्ते आले, अभिमनचे तीन. त्यांतले दोन विधुरांचे.

“साहेब,” अभिमन म्हणाला, “यानं एकाही बाईला तिच्या नवऱ्याचं नाव विचारलेलं नाही. शेंगा सोलत होता. मी स्वतः पाहिलं.”

“मग नावाचे रकाने कसे भरले?” मामलेदारांनी झुलालकडे पाहिले.

झुलाल उठून उभा राहिला. “हिना नवरानं नाव तिले इचारं, तिना नवरानं हिले. आपला नवरानं नाव घेवाले बाई लाजस, साहेब. शेजारीनना नवरानं सांगाले कोन लाजस?”

साहेब हसले असते तर अभिमनला बरे वाटले असते. त्यांनी ते वाक्य वहीत टिपून घेतले. बावीस पानांतले एकही वाक्य आजवर कोणी टिपून घेतले नव्हते.

जागा झुलालला मिळाली.

अभिमन चावडीच्या पायऱ्या उतरला. मागून झुलाल पळत आला, काखेत गठ्ठा. आता हा आपले सांत्वन करणार, म्हणून अभिमनने एक थंड उत्तर तयार ठेवले.

“भाऊ,” झुलाल इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाला, “मन्हं अक्षर कोनलेच वाचता येत नही. तुमी शिकेल मानूस. इतला बठ्ठा तक्ता जरा उतारी द्या ना.”